बाळंतपणाला बिझनेस व्हिसा

३ फेब्रुवारी, सकाळी सव्वासात

आजपासून रोजनिशी. वही नवी, पेन जुनं, निश्चय पक्का.

निमित्त असं की काल संध्याकाळी पोरीचा फोन आला. डॉक्टरांनी तारीख दिली. बारा जून. पहिलं बाळंतपण, परका देश, घरात ती आणि जावई दोघंच. म्हणाली, मेअखेरीला तुम्ही दोघं याच. ही फोनवरच रडायला लागली. मी रडलो नाही. घरात एकाने तरी डोकं शांत ठेवावं लागतं.

मग पोरगी म्हणाली, बाबा, व्हिसाचं एजंटकडे देऊन टाका, तो सगळं बघतो. हे मात्र लागलं. चौतीस वर्षं कचेरीत आवक-जावक टेबलावर काढली. लाखभर फॉर्म या हाताखालून गेले. आणि पोटची पोर मला एजंट सुचवते!

निश्चय: व्हिसा स्वतः काढणार, दोघांचा. मार्चअखेर हातात. शिवाय रोज पहाटे तासभर चालणे, कारण विमानात पाय आखडतात म्हणे.

४ फेब्रुवारी

चालायला गेलो नाही. गुडघा.

६ फेब्रुवारी, दुपारी तीन

वेबसाइट वाचली. लोक उगाच घाबरतात. शांतपणे वाचलं की सगळं समजतं. व्हिसाचे एकूण अकरा प्रकार. टुरिस्ट म्हणजे नुसतं बघायचं, कशाला हात लावायचा नाही. स्टुडंट म्हणजे शिकायचं आणि शिकून झालं की निमूट निघायचं. मेडिकल म्हणजे आजार इथला, उपचार तिथले. डिपेंडंट म्हणजे दुसऱ्याच्या व्हिसाला लोंबकळत जायचं. ट्रान्झिट हा तर विमानतळावरच्या बाकावर बसायचा व्हिसा. बसायलासुद्धा परवानगी! शिवाय सिंगल एंट्री आणि मल्टिपल एंट्री. मल्टिपलवाला कितीही वेळा आत-बाहेर करू शकतो. ही फरशी पुसत असते तेव्हा घरात मलाही ती सवलत नाही.

ड्रॉइंग पेपर आणून तक्ता केला. चार रंग वापरले. बेडरूमच्या कपाटावर चिकटवला. हिने विचारलं, यातला आपला कोणता? म्हटलं, घाई करू नकोस, अभ्यास चालू आहे.

९ फेब्रुवारी

बागेतल्या बाकावरच्या मंडळींना अकरा प्रकार समजावून सांगितले. ऐकत होते. दोघांचा डोळा लागला, पण तो रोजच लागतो.

त्यांच्यातल्या कंपाउंडरने मध्येच तोंड घातलं. तो आणि त्याची बायको मुलाकडे दोनदा जाऊन आलेत, तेव्हापासून स्वतःला परराष्ट्रमंत्री समजतो. म्हणाला, एवढं काय त्यात? फॅमिली व्हिजिट घ्यायचा. जावयाचं बोलावण्याचं पत्र, त्याच्या नोकरीचा दाखला, मुलीच्या डॉक्टरची चिठ्ठी. पंधरा दिवसांत येतो.

जन्मभर बाटल्यांवर लेबलं चिकटवलेला माणूस. त्याला काय कळणार त्यातली खोली.

१२ फेब्रुवारी, सकाळी आठ

जावयाची मेल. अतिशय नम्र. बोलावण्याचं पत्र तयार आहे, दाखले जोडतो, तुम्ही फक्त फॅमिली व्हिजिटचा फॉर्म भरा.

फॉर्म उघडून बघितला आणि थंड पडलो. त्यात 'यजमान' म्हणून जावयाचं नाव आणि पुढे वाक्य असं: पाहुण्याच्या राहण्याची, वागणुकीची आणि वेळेवर परत जाण्याची जबाबदारी यजमानावर राहील.

माझ्या वागणुकीची जबाबदारी! त्याच्यावर! ज्याला लग्नात बूट कुठे काढले ते आठवत नव्हतं, आणि शोधून द्यायला मी फिरत होतो! उद्या तिथे माझा पाय घसरला तर जावयाला जाब विचारणार. मी कोणाच्या पदराआड लपून कुठल्याही देशात शिरणार नाही.

तक्त्यापुढे अर्धा तास उभा राहिलो. मार्ग सापडला. तिसरी ओळ, निळ्या रंगात: बिझनेस.

माणसाने स्वतःच्या कर्तृत्वावर जावं. हिला अजून सांगितलेलं नाही. तांत्रिक बाबी तिला जड जातात.

१७ फेब्रुवारी

व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली. 'मुख्य सल्लागार, दस्तऐवज व्यवस्थापन'. खाली घरचा पत्ता. छापखानेवाल्याने विचारलं, म्हणजे नेमकं काय करता? म्हटलं, सल्ला देतो. म्हणाला, कोणाला? या लोकांना फाजील चौकशा फार.

हिच्या नावाचीही केली. 'संचालिका'. दोनशेपेक्षा कमी छापत नाहीत म्हणाला, म्हणून दोघांची दोन-दोनशे.

उद्यापासून चालणे नक्की.

२३ फेब्रुवारी

पासपोर्ट साइज फोटो. हसायचं नाही, चष्मा नको, कान दिसले पाहिजेत. फोटोग्राफर मला म्हणाला, काका, गुन्हेगारासारखं बघू नका. पाच वेळा काढला. शेवटी कंटाळून म्हणाला, चालेल.

हिचा पहिल्याच फटक्यात छान आला. घरी येताना म्हणाली, नातवंडाला घेतल्यावर डोळे असेच दिसतील का हो माझे? म्हटलं, कान दिसताहेत ना, झालं.

४ मार्च, पहाटे साडेपाच

ऑनलाइन फॉर्म. वीस मिनिटांत भरला नाही तर आपोआप बंद पडतो. चार वेळा बंद पडला. दोष वेबसाइटचा. मी प्रत्येक प्रश्न नीट तीनदा वाचतो, त्याला वेळ लागणारच.

५ मार्च, सकाळी साडेदहा

झाला!

'भेटीचा उद्देश' इथे लिहिलं: व्यावसायिक चर्चा. 'कोणाशी?' हा अनपेक्षित प्रश्न होता. घड्याळ पळत होतं. जावयाच्या कंपनीचं नाव तोंडपाठ होतं, टाकून दिलं. चर्चा काय, जावयाशी रोज होईलच की. आणि तो त्या कंपनीतच आहे. म्हणजे तसं बघितलं तर खोटं एक अक्षर नाही.

पुढे एक प्रश्न होता: या देशात तुमचे जवळचे नातेवाईक आहेत का? आता बिझनेसला जाणाऱ्या माणसाने मुलगी-जावई असं लिहिलं की वजन जातं. अर्ज घरगुती दिसायला लागतो. 'नाही' वर टिचकी मारली.

टिचकी दुसऱ्या प्रयत्नात बसली. सकाळपासून तीन चहा झाले होते.

प्रिंट काढून हिच्यापुढे ठेवली. हिने वाचलं नाही, कुठे सही करू एवढंच विचारलं आणि केली. चाळीस वर्षांचा विश्वास आहे.

१८ मार्च, दुपारी चार

मुलाखत झाली. उत्तम झाली असं म्हणायला हरकत नाही. थोडी संमिश्र.

जाताना बसमध्ये हिला हळूच सांगितलं की कागदोपत्री तू संचालिका आहेस. ही म्हणाली, कशाची? म्हटलं, कोणी विचारणार नाही. ही खिडकीबाहेर बघत बसली. मग म्हणाली, अहो, फॅमिलीचा फॉर्म का नाही भरला? जावईबापू कागद पाठवणार होते ना? म्हटलं, तांत्रिक बाब आहे.

आत मोठा हॉल, लोखंडी खुर्च्या, टोकन. सगळे आपापल्या फाइली मांडीवर धरून दवाखान्यात बसल्यासारखे. आमचा नंबर लागला. काचेपलीकडे एक तरुण बाई, केस मागे घट्ट बांधलेले, आवाज माइकमधून. मला विचारलं, तुमचा व्यवसाय काय? मी कार्ड काचेखालून सरकवलं. तिने ते वाचलं, उलटं केलं, मागे काही नव्हतं. मागच्या वर्षी किती ग्राहक होते? म्हटलं, गुणवत्तेवर भर आहे.

मग हिच्याकडे वळली. आजी, तुम्ही कशाला चाललात?

हिने सरळ सांगितलं, पोरगी बाळंत होणार आहे. पहिलंच आहे. बारा तारीख दिली आहे.

बाई हिच्याकडे बघून हसली. खरंच चांगली हसली. मग फॉर्म बघितला आणि हसू गेलं. मला म्हणाली, इथे लिहिलंय की तिथे तुमचे जवळचे नातेवाईक नाहीत.

मी म्हटलं, जवळचे म्हणजे किती जवळचे?

ती कीबोर्डकडे वळली. टाइप करत राहिली. बरंच टाइप केलं. माझ्या मते आपली केस सविस्तर नोंदवून घेतली.

परतताना ही बसमध्ये डोळे मिटून बसली. दमली असेल.

२ एप्रिल, सकाळी पावणेबारा

कुरिअर आलं. ही भाजीला गेली होती. पासपोर्ट दोन, पत्रं दोन.

नाकारला असं म्हणता येणार नाही. 'सध्या मंजूर करता येत नाही' असे शब्द आहेत. 'सध्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. खाली चौकोन आहेत, त्यांतल्या दोनांवर खूण. 'भेटीचा सांगितलेला उद्देश विश्वासार्ह वाटत नाही' आणि 'अर्जात चुकीची माहिती दिली आहे'. माझ्या पत्रात एक जास्तीची ओळ: मुख्य अर्जदारास एक वर्ष नव्याने अर्ज करता येणार नाही. हिच्या पत्रात ती ओळ नाही.

तीनदा वाचलं. चौथ्यांदा चष्मा पुसून वाचलं.

जिन्यात हिच्या चपला वाजल्या. पाकीट जुन्या वीजबिलांच्या फाइलमध्ये ठेवलं. ही म्हणाली, कोण आलं होतं? म्हटलं, कोणी नाही.

जेवताना सांगेन.

२ एप्रिल, दुपारी दोन

जेवताना ही बाळासाठी शिवत असलेल्या दुपट्यांबद्दल बोलत होती. सहा झाली, चार राहिलीत. अशा वेळी विषय काढणं बरं नव्हे. उद्या.

३ एप्रिल

हिचं डोकं दुखत होतं.

४ एप्रिल

माझं.

८ एप्रिल

बाकावर कंपाउंडरने सगळ्यांसमोर विचारलं, काय, आला का? म्हटलं, आपली केस वरच्या पातळीवर गेली आहे. बिझनेस असल्यामुळे तपास खोलात चालतो. एकजण म्हणाला, अरे वा. मला बरं वाटलं. घरी येईपर्यंत टिकलं.

हिलाही तेच सांगितलं. हिने कॅलेंडरवर बघून दिवस मोजले आणि म्हणाली, लवकर करा म्हणावं त्यांना.

१९ एप्रिल, रात्री

सकाळी नऊला जावयाचा फोन. ही आंघोळीला गेलेली. म्हणाला, बाबा, एक छोटीशी गोष्ट आहे. कॉन्सुलेटकडून नोंदीसाठी म्हणून आमच्या ऑफिसला विचारणा आली होती, की तुम्ही अमुक दोन सल्लागारांना चर्चेला बोलावलंय का. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी सांगितलं, ते माझे सासू-सासरे आहेत. ते म्हणाले, मग त्यांनी असं का लिहिलं?

मला विचारलं, बाबा, फॉर्ममध्ये काही गडबड झाली का?

म्हटलं, वेबसाइटने आपोआप भरलं असेल. कॉम्प्युटरचा घोळ.

तो म्हणाला, बरं.

तब्येत विचारली, फोन ठेवला. चिडला असता तर मी दोन शब्द ऐकवले असते. ते 'बरं' दिवसभर कानात आहे. वरिष्ठांसमोर उभं राहणं काय असतं ते मी चौतीस वर्षं अनुभवलंय. आज तो माझ्यामुळे उभा राहिला.

रात्री जेवण गेलं नाही. उन्हाळा फार आहे यंदा.

२४ एप्रिल

हिने बॅग काढली. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर बॅग ठेवते, मग स्वतः उभी राहते, मग बॅग घेऊन उभी राहते, मग वजाबाकी मला करायला लावते. केली. अठरा किलो. म्हणाली, अजून पाच बसतील. दुपटी दहाची बारा करते.

मी फाइलचा खण किल्ली लावून बंद केला. किल्ली खिशात. बसलं की टोचते.

निश्चय: उद्या सकाळी चहाच्या वेळी, काही झालं तरी.

२५ एप्रिल

चहाच्या वेळी पोरीचा व्हिडिओ कॉल आला. पोट दाखवलं. आत बाळ लाथ मारतं ते कापडावरून दिसलं. ही बोट लावून बघत होती, स्क्रीनलाच. पोरीने मला विचारलं, बाबा, तुम्ही गप्प का? म्हटलं, नेटवर्क.

१ मे

पर्याय शोधले. टुरिस्ट: मला एक वर्ष बंदी. मेडिकल: मला काही झालेलं नाही. ट्रान्झिट: त्यांच्या विमानतळावर सहा तास बसता येईल, पोरीने काचेपलीकडून हात हलवायचा. पण बंदी सगळ्याच प्रकारांना लागू आहे, तळटीप वाचली.

हिला बंदी नाही. ही नव्याने अर्ज करू शकते. त्यासाठी हिला आधी कळायला हवं.

त्यासाठी मी सांगायला हवं.

६ मे, संध्याकाळी सहा

ही सकाळी नऊला बाहेर पडली. मैत्रिणीकडे जाते म्हणाली. हातात कापडी पिशवी, त्यात फाइल. मी पेपर वाचत होतो, बरं म्हटलं.

अडीचला आली. चेहरा उन्हाने लाल. पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं, समोर बसली. दोन बसा बदलून एकटीच व्हिसा सेंटरला गेली होती. खिडकीतल्या मुलीने नंबर टाकून सांगितलं, आजी, तुमचे पासपोर्ट तर दोन एप्रिललाच घरी पोचलेत, ही बघा घेणाऱ्याची सही. हिने सही ओळखली. मग तिथेच फॉर्मची प्रत मागून घेतली आणि लोखंडी खुर्चीवर बसून वाचली. पहिल्यांदाच.

मी बोलायला सुरुवात केली की प्रक्रिया अशी असते, 'सध्या' या शब्दाचा अर्थ.

ही मला थांबवून म्हणाली, "नातेवाईक नाहीत असं लिहिलंत?"

म्हटलं, ती एक तांत्रिक बाब.

"त्यात तांत्रिक काय आहे? मुलगी आहे आपली."

ओरडली असती तर बरं झालं असतं. हिने हात पुढे केला आणि म्हणाली, पासपोर्ट द्या. मी खिशातून किल्ली काढली. खण उघडताना किल्ली दोनदा कुलपात नीट बसली नाही. ही मागे उभी होती.

पासपोर्ट घेतला. तिचा एकटीचा. माझा तिथेच ठेवला.

७ मे, सकाळी अकरा

ही जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली आहे. शेजारी कंपाउंडरची बायको. मी जाऊन म्हटलं, वीस मिनिटांत बंद पडतो, काळजी घ्या. कंपाउंडरची बायको म्हणाली, भाऊजी, आधी सगळं कागदावर लिहून घ्यायचं, मग टाइप करायचं. दहा मिनिटं लागतात.

मी सांगितलं की चौतीस वर्षं फॉर्मचा अनुभव आहे, अडलं तर हाक मारा.

ही मान वर न करता म्हणाली, "तुम्ही फॉर्म घेत होतात. शिक्का मारून नंबर घालत होतात. भरत कधी होतात?"

बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे तिचं. वाचायचं कामसुद्धा पलीकडच्या टेबलाचं होतं.

बंद पडला नाही. एकदाही.

९ मे

जावयाचे कागद आले. फेब्रुवारीतले तेच, तारखा नव्या. पत्राच्या शेवटी त्याने स्वतःहून घातलंय: 'माझ्या सासूबाईंच्या वास्तव्याची पूर्ण जबाबदारी मी आनंदाने घेतो.'

यात अपमानास्पद काय होतं ते आठवायचा प्रयत्न केला.

१५ मे

हिची मुलाखत. मी बरोबर गेलो. हॉलमध्ये फक्त अर्जदाराला सोडतात. फुटपाथवर झाडाखाली उभा राहिलो. वॉचमनने विचारलं, तुमचं कोण आत आहे? म्हटलं, बायको. म्हणाला, तुम्ही नाही जात? म्हटलं, मला कामं आहेत. त्याने मला स्टूल दिलं.

वीस मिनिटांत ही बाहेर आली. तीच बाई होती म्हणाली. ओळखलं तिने.

आणखी काय म्हणाली ते विचारलं नाही.

२१ मे, दुपारी

हिचा व्हिसा आला. फॅमिली व्हिजिट. सिंगल एंट्री. नव्वद दिवस. पासपोर्टच्या पानावर फोटो, त्यात ही जवळजवळ हसते आहे.

ही देवापुढे ठेवायला आत गेली. टेबलावर तिच्या अर्जाची फाइल उघडी होती. वाचायला नको होती, वाचली. मागचा अर्ज का नाकारला गेला त्याचा खुलासा द्यावा लागतो. हिने स्वतःच्या हाताने लिहिलंय, मोठ्या, शाळेतल्यासारख्या अक्षरात:

'मागचा फॉर्म मी न वाचता सही केली. ती माझी चूक आहे. माझ्या पतींनी जे लिहिलं ते फसवण्यासाठी नव्हतं. ते स्वाभिमानी आहेत आणि त्यांना कोणाकडे मागणं जमत नाही. त्यांचं मुलीवर फार प्रेम आहे. पुढच्या वर्षी त्यांनी अर्ज केला तर कृपया हे लक्षात घ्यावं.'

फाइल बंद केली. गॅलरीत गेलो. तिथे कपडे वाळत होते, ते पुन्हा नीट घातले. नीटच होते.

३ जून

ही गेली.

विमानतळावर दारापर्यंत जाता येतं, पुढे तिकीट दाखवावं लागतं. ट्रॉली मीच ढकलली. तेवीस किलो नेमकं. ही म्हणाली, गॅस बंद करत जा, दूध उतू जाऊ देऊ नका, गोळ्या डब्यात वारानुसार ठेवल्यात. मला म्हणायचं होतं बरंच. म्हटलं, पासपोर्ट हातातच ठेव.

काचेतून दिसत होती. रांगेत पुढच्या बाईला काहीतरी विचारत होती, मग दोघी हसल्या. जन्मात पहिल्यांदा विमानात बसणारी बाई. मला वाटलं होतं, बोट धरून न्यावं लागेल.

बाकावर सांगितलं की माझी काही सल्ल्याची कामं अडलेली आहेत म्हणून थांबलो. कंपाउंडर म्हणाला, असेल, असेल. मग सगळे हवेबद्दल बोलू लागले, एकदमच सगळे.

१० जून

दूध उतू गेलं.

१४ जून, सकाळी सहा

मुलगी झाली. दोन दिवस उशिरा, तीन किलो शंभर ग्रॅम. दोघी सुखरूप.

हिने फोन धरला होता, कॅमेरा हलत होता. आधी छत दिसलं, मग जावयाचा कान, मग एक गुंडाळी. गुंडाळीतून एक लालभडक मूठ. दुपटं ओळखलं. सातवं किंवा आठवं असावं.

पोरगी दमलेल्या आवाजात म्हणाली, बाबा, तुम्ही कधी येताय? म्हटलं, सध्या कामं आहेत गं. एकदा हातावेगळी झाली की.

ती म्हणाली, हो, कळलं.

१९ जून

रोज फोन येतो. रोज मी कामं सांगतो. काल कोणत्या ग्राहकाचं सांगितलं ते आज विसरलो, वेगळंच सांगितलं. पोरीने पकडलं नाही. पकडायला हवं होतं, लहानपणी माझ्या गोष्टीतला एक शब्द बदलला तरी थांबवायची.

२२ जून, दुपारी साडेतीन

आज मीच फोन केला. ठरवून नाही. ठरवलं की होत नाही हे आता लक्षात आलंय.

पोरीने उचलला. आई झोपली आहे म्हणाली, रात्रभर बाळाला घेऊन फिरत होती. मी एका दमात सांगितलं. कामं वगैरे काही नाहीत. ग्राहक एकही नाही, कधीच नव्हता. माझा व्हिसा नाकारला, एक वर्ष बंदी आहे. मी खोटा फॉर्म भरला. जावयाच्या ऑफिसचं नाव मी घातलं, कॉम्प्युटरने नाही. आणि तिथे विचारलं होतं की कोणी नातेवाईक आहेत का, तेव्हा मी.

पोरीने वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

पोरगी म्हणाली, "बाबा, मला माहीत आहे."

म्हटलं, आईने सांगितलं?

म्हणाली, "आई एक अक्षर बोललेली नाही. एप्रिलमध्ये यांच्या ऑफिसात तो मेल आला ना, त्याला तुमचा फॉर्म जोडलेला होता. आम्ही दोघांनी वाचला."

म्हणजे एप्रिलपासून. म्हणजे पोट दाखवत होती तेव्हाही.

मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

म्हणाली, "तुम्ही सांगाल असं वाटत होतं." थोडं थांबून म्हणाली, "वाचलं त्या दिवशी वाईट वाटलं होतं. खूपच. दोन दिवस तुमच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. मग तिसऱ्या दिवशी तुमचाच फोन आला, लोहाच्या गोळ्या घेतेस ना म्हणून."

मला तो फोन आठवतही नाही.

माफ कर म्हणायचं होतं. तोंडातून आलं, जावईबापूंना सांग की मी बोलेन त्यांच्याशी. ती म्हणाली, "तुम्हीच सांगा त्यांना. संध्याकाळी असतात घरी." मग आतून रडण्याचा आवाज आला, ती गेली आणि बाळाला घेऊन आली. फोन त्याच्या तोंडासमोर धरला. "बोला हिच्याशी. आता जागी आहे."

डोळे उघडे होते, कुठेतरी माझ्या कपाळाच्या वर बघत होती. मी म्हटलं, मी आजोबा. तुझ्या आईचा बाबा.

तिने जांभई दिली.

मग फोन बंद झाला. नेटवर्क गेलं असं लिहिणार होतो. नेटवर्क होतं. मीच बंद केला, कारण पुढे बोलता येईना.